चंद्रकोर काढलेलं कार्ड

चित्रकलेची पदविका घेऊन मी बाहेर पडले तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, पोरगी कुठल्यातरी शाळेत ड्रॉइंग शिकवेल. मला नोकरी लागली ती नागपुरातल्या एका सरकारी क्षयरोग दवाखान्यात. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. सरकारी यादीत 'चित्रकार' असं एक पद बरीच वर्षं रिकामं पडलं होतं आणि अर्ज करणारी मी एकटीच होते. वडील म्हणाले, "टीबीच्या दवाखान्यात तरुण मुलीनं जायचं?" आई माझं ताट, वाटी, पेला त्या दिवसापासून वेगळं घासू लागली. आम्ही सक्करदऱ्याला राहत होतो. तळ्याच्या कडेकडेनं सायकल हाणत मी रोज दवाखान्यात जायची आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी न्हाणीघरात.

क्ष-किरण खोलीच्या शेजारी, जुन्या फायलींच्या कपाटाआड माझं टेबल होतं. पहिलं वर्ष मी 'येथे थुंकू नये'च्या पाट्या रंगवल्या आणि वरच्या कार्यालयाला पाठवायचे आकड्यांचे तक्ते काढले. मग एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. त्यांना सगळे साहेब म्हणत. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. रुग्णाशी बोलताना उभं राहून बोलत.

"वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात," ते म्हणाले. "दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं आणि माणूस गोळ्या सोडतो. जे सोडत नाहीत ते गोंधळ करतात. सकाळची एक छोटी पांढरी गोळी आणि रात्रीच्या दोन मोठ्या, एवढंच आहे. पण निम्म्या लोकांना वाचता येत नाही. तुम्ही असं काही काढा की अक्षर न ओळखणाऱ्याला नुसतं पाहून कळलं पाहिजे."

असं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. मी आठ दिवस त्यात बुडाले. आज त्या आठ दिवसांकडे पाहते तेव्हा एकच गोष्ट दिसते. मी त्या आठ दिवसांत खुर्चीतून उठले नाही. रुग्णांची रांग माझ्या कपाटापासून वीस पावलांवर होती. खोकल्याचे आवाज ऐकू येत होते. मी पोस्टर कलरच्या बाटल्यांत ब्रश बुडवत होते.

कार्डाचे दोन भाग केले. वरच्या भागात डोंगराआडून उगवणारा सूर्य आणि एक छोटी पांढरी गोळी. खालच्या भागात गडद निळं आभाळ, त्यात चंद्रकोर, कोरीच्या पोटाशी एक चांदणी, आणि खाली दोन मोठ्या गोळ्या. ती निळाई जमायला मला दोन दिवस लागले. साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "फार सुंदर. खाली 'सकाळ', 'रात्र' लिहून टाका."

मी वाद घातला. म्हटलं, "सर, अक्षर दिसलं की अडाणी माणूस बावरतो. हे आपल्याला वाचता येणार नाही असं म्हणून तो चित्राकडेही बघत नाही. एकही अक्षर नको." त्यांना ते पटलं. मला माझ्या त्या युक्तिवादाचा फार अभिमान वाटला.

छपाईला देण्याआधी मी कार्ड घेऊन रांगेतल्या दहा-बारा जणांकडे गेले. प्रत्येकाला विचारलं, "समजलं का?" प्रत्येकजण म्हणाला, "हाव जी, समजलं." एका म्हातारीनं तर सूर्याला हात लावून तो कपाळाला नेला.

कार्ड छापून आलं. औषधाच्या खिडकीत बसणारा कंपाउंडर थकलेला, पण सरळ माणूस होता. आधी तो प्रत्येकाला तोंडानं सांगायचा, "ही पांढरी सकाळी, ह्या दोन राती झोपतानी." कार्ड आल्यावर तो म्हणू लागला, "कार्डावर पाह्य गा, सगळं त्याच्यात हाये." रांग भराभर सरकू लागली. साहेबांनी वर पत्र लिहिलं, दुसऱ्या दवाखान्यांनी कार्डं मागवली. आईनं एक कार्ड मागून घेतलं आणि शेजारणींना दाखवलं.

नऊएक महिने गेले. दिवाळी होऊन गेली होती. साहेबांना कुठल्याशा प्रदर्शनासाठी फोटो हवे होते, रुग्णाच्या घरी लावलेल्या कार्डाचे. आमचा आरोग्यसेवक, म्हणजे गोळ्या न्यायला न येणाऱ्या रुग्णांच्या घरी जाऊन चौकशी करणारा कर्मचारी, त्या दिवशी कामठीला निघाला होता. ऑफिसचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी त्याच्याबरोबर बसमध्ये बसले. ज्याच्याकडे जायचं होतं तो यंत्रमागावर काम करणारा विणकर होता. दोन महिन्यांपासून तो दवाखान्यात आला नव्हता.

त्या गल्लीत शिरल्यापासून मागांची खटखट सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही. प्रत्येक वाक्य जरा ओरडूनच बोलावं लागत होतं. एक खोली, वर टिनाचं छप्पर, खाली सारवलेली जमीन. दाराशी खाटेवर तो माणूस पडला होता. उन्हातही छातीपर्यंत चादर. मला तो माझ्या वडिलांच्या वयाचा वाटला. नंतर केसपेपरवर वाचलं, चौतीस वर्षं. त्याची बायको चुलीपुढून उठून आली. तिच्या पायांमागे तीन-चार वर्षांची एक मुलगी होती.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, काचेची चौकट करून लावलेलं, माझं कार्ड. काचेवर धुळीचा कण नव्हता. माझं मन भरून आलं. खोलीत काय चाललंय हे न पाहता मी आधी त्याचा फोटो काढला.

आरोग्यसेवक खाटेशी टेकून म्हणाला, "काहून गा, दोन महिने झाले, आला नाही?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकला सुरू झाला. बायकोच बोलली. "येनं होत नाही जी आता त्यायच्यानं. पांढऱ्या गोळ्या सरल्या, पण मोठ्या तं लय हायेत ना घरी."

"लय कशा असन? दोन महिने नेल्या नाही तुमी."

तिनं खाटेखालून वनस्पती तुपाचा एक डबा ओढून काढला. तोंडाला धुतलेला फडका बांधलेला होता. तिनं तो सोडला. डबा मोठ्या गोळ्यांनी काठोकाठ भरलेला होता.

"महिन्यातून तीन-चार राती तं लागते," ती म्हणाली. "बाकीच्या मी जपून ठेवल्या. सरकारी माल हाये. उद्या परत मांगितल्या तं?"

"तीन-चार राती? कोनं सांगतलं तुले?"

तिनं भिंतीकडे बोट केलं. "थे काय. कोरीचा चांद काढला हाये ना. तशी कोर आभाळात दिसे त्या राती देल्या मी. पुनवेचा चांद असता तं पुनवेले देल्या असत्या."

"अन् पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कोठी दिसे चांद? तरी मी अंगनात जाऊन पाहे. ढग राहे. नाही देल्या मंग." मग आपण काही कमी केलं नाही हे सांगावं तशी ती म्हणाली, "पन सकाळची एक बी चुकली नाही जी. सरेपर्यंत रोज देली. सूर्य तं रोजच निघते."

आरोग्यसेवकानं वळून माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे..." मी काचेमागच्या चंद्रकोरीकडे पाहत होते. ती निळाई अजून तशीच गडद होती. हे कार्ड मी काढलं, एवढे चार शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही. तिनं चहा ठेवला. नाही म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, रोगाला भिऊन नाही म्हणते, किंवा आणखी कशाला भिऊन. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

दवाखान्यात आल्यावर साहेबांपुढे सगळं सांगितलं.

"क्षयाला एका वेळी दोन औषधांनी धरावं लागतं," ते म्हणाले. "एकाच औषधावर ठेवला की तो मरत नाही, सरावतो. त्या माणसानं रोज सकाळी इमानानं एक गोळी घेतली आणि रोगाला त्या गोळीची सवय लावली. आता ती त्याला काही करणार नाही."

"दुसरं औषध?"

"आहे. आपल्याकडे येत नाही."

मी विचारलं, "म्हणजे कार्डामुळे झालं?"

"कोणामुळे झालं हे शोधायला बसलो तर मलाही उभं राहावं लागेल. पास मी केलं होतं." मग म्हणाले, "उद्यापासून खिडकीत तोंडानं सांगायला लावतो."

त्यांनी तसं केलंही. तो विणकर पौषात आमच्याच वॉर्डात वारला. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. सकाळी व्हरांड्यात आरोग्यसेवकानं सांगितलं, "कामठीवाला गेला, बाई," आणि तो सायकलची घंटी पुसू लागला.

त्यानंतर मी साहेबांकडे परवानगी मागितली आणि घरोघर जाऊ लागले. जिथे जिथे ते कार्ड गेलं होतं तिथे. बेसा तेव्हा शेतांमधलं खेडं होतं. तिथे एक म्हातारा पांढऱ्या गोळ्या रोज सकाळी सुपात घालून उन्हात ठेवायचा, कारण गोळीवर सूर्य होता. एका बाईनं चांदणी मोजली होती आणि दोनऐवजी तीन गोळ्या देत होती. मुलाला उलट्या होतात म्हणून तिनं शेवटी औषधच बंद केलं होतं. चंद्रकोरीची वाट पाहणारं कामठीचं घर एकटं नव्हतं. अशी किती घरं सापडली ते मी सांगू शकत नाही. मी मोजणं मध्येच सोडलं.

चूक कुठे झाली हे मात्र मला त्या घरांमध्ये कळलं. मी रांगेत जाऊन 'समजलं का' असं विचारलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या शिकलेल्या बाईनं 'समजलं का' असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? तो प्रश्नच नव्हता. ती मान डोलवण्याची आज्ञा होती.

नवं काम मी वेगळ्या रीतीनं सुरू केलं. पहिले काही दिवस हातात कागद-पेन्सिल न घेता रांगेत जाऊन बसले. फक्त पाहिलं. कोण गोळ्या पदराच्या गाठीत बांधतं, कोण टोपीत ठेवतं, कोण दाराबाहेर पडल्या पडल्या औषधाच्या चिठ्ठीची घडी करून कानामागे विडीसारखी खोचतं. मग जुन्या फॉर्मांच्या पाठीवर पेन्सिलनं कच्ची चित्रं काढायला लागले. रंग नाही. रंग लावला की माझा जीव त्यात अडकतो, हे मला कळलं होतं. फुटाणे आणि शेंगदाणे आणले. फुटाणा म्हणजे छोटी गोळी, शेंगदाणा म्हणजे मोठी. कपाटाआडच्या माझ्या टेबलाशी एकेकाला बसवायचं, चित्र पुढे ठेवायचं आणि म्हणायचं, "आता तुम्ही घरी गेलात. काय कराल ते मला करून दाखवा."

आणि गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड होतं. माणसाचा हात शेंगदाण्यावर घुटमळायचा आणि तो चित्राकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहायचा. माझ्या भुवया जरा हलल्या की हात बरोबर जागी जायचा. आठवडाभर मला वाटत राहिलं की चित्रं जमली आहेत. लोक चित्र वाचत नव्हते, माझा चेहरा वाचत होते. मग मी खाली फरशीकडे पाहायला शिकले आणि सगळी चित्रं एकामागून एक पडली.

कंदील काढला. एकजण म्हणाला, दिवाबत्तीच्या वेळी. दुसरा म्हणाला, घासलेट महाग झालं तं काय गोळ्या बंद? खाट काढली. "बिमार पडलं का घ्याची," असं उत्तर आलं. विडी ओढू नका हे सांगायला विडीवर लाल फुली मारली. एका रिक्षावाल्यानं ती पाहून आनंदानं विचारलं, "दवाखान्यातून बिडी बी भेटते का जी?" लाल फुली म्हणजे दवाखाना, त्याचं काही चुकलं नव्हतं. मी हसले नाही. मला तेव्हा कशाचंच हसू येत नसे. आलेलं प्रत्येक उत्तर मी त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घ्यायची आणि चित्र फाडून टाकायची. पुढे निवृत्त होईपर्यंत, कुटुंब कल्याणाचे फलक असोत की फवारणीच्या औषधाच्या सूचना, मी ह्याच रीतीनं काम केलं. लोक तिला माझा चिवटपणा म्हणत. मी ती कशी शिकले, हे मी कोणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी रांगेत ती दिसली. कामठीची. मुलगी कडेवर होती आणि ती पदर तोंडाशी धरून खोकत होती. मला पाहून ओळखीचं हसली. "त्या दिवशी आल्या होत्या ना बाई तुमी? फोटू काढाले?"

तिच्या थुंकीत जंतू सापडले. मुलीच्यात नाही.

साहेबांनी तिला औषध लिहून दिलं आणि मी तिला माझ्या टेबलाशी बसवलं. खरं तर बसवायला नको होतं. पण मला वाटलं, हिला समजेल असं जे असेल तेच खरं. मी ताजं चित्र तिच्यापुढे ठेवलं, फुटाणे-शेंगदाणे ठेवले. तिनं चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि ते हळूच बाजूला सारलं.

"चित्र कायले पायजे जी?" ती म्हणाली. "बजारात हळदीची पुडी बांधून देते ना, तशी दिवसाची एक पुडी बांधा. भाकर खाल्ली का पुडी सोडाची. पुडी सरली का दिवस सरला. याच्यात वाचाचं काय हाये?"

"पण सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या," मी म्हटलं.

"थे तुमी साहेबाले पुसा."

मी साहेबांना विचारायला गेले. ते लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पोटाला त्रास होऊ नये म्हणून सकाळ-रात्र केलं होतं. एकदम घेतल्या तरी औषधाला फरक पडत नाही. मळमळ जास्त होईल, इतकंच." मग त्यांच्याच लक्षात आलं आणि पेन थांबलं.

म्हणजे चंद्र मुळात हवाच नव्हता. मला जे काढायला सांगितलं ते मी काढलं होतं. हे दोन वेगळे भाग कशाला, असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी परत टेबलाशी आले. ती वहीचे जुने कागद घेऊन नमुन्याच्या पुड्या बांधत बसली होती. घड्या नेमक्या, टोक आत खोचलेलं. मुलगी फुटाणे खात होती. मी बसले आणि म्हटलं, "ते कार्ड मी काढलं होतं. तो चंद्र."

तिचे हात चालतच राहिले. "तुमी?"

"हो."

"मले वाटे, थे सरकारातून येते." एक पुडी पुरी झाली. मग तिनं वर पाहिलं. "अन् त्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

मी मुलीपुढचे सांडलेले फुटाणे गोळा करू लागले.

"तीन महिने झाले," ती म्हणाली, "सासू म्हनते, तुह्या हातानं गेला माहा पोरगा. घरात गोळ्या होत्या अन् तू देल्या नाही. मी बी तेच म्हनत होती. माह्या हातानं गेला." तिचा आवाज चढला नाही. "तुमी येऊन सांगा तिले. मी सांगतलं तं ते नाही मानाची."

त्याच रविवारी मी कामठीला गेले. एकटी. सासू दारात बसून गहू निवडत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि मागांच्या आवाजावरून ओरडून सगळं सांगितलं. कार्ड मी काढलं, चंद्र मी काढला, सुनेचं चुकलं नाही, कोणीही तसंच केलं असतं, अनेकांनी केलं. ओरडून सांगताना ते शब्द फार विचित्र वाटत होते. शेजारच्या बायका दाराशी आल्या. म्हातारीनं शेवटपर्यंत गव्हावरून नजर काढली नाही. माझं संपल्यावर तिनं आणखी एक खडा वेचला आणि आत पाहून सुनेला म्हणाली, "चाय ठेव वं." एवढंच. पण सुनेनं पुढे सांगितलं, त्या दिवसानंतर तिनं 'तुह्या हातानं गेला' हे पुन्हा उच्चारलं नाही.

पुड्या सुरू झाल्या. बाकावर वाट पाहत बसलेले नातेवाईकच त्या बांधायचे, मी दाखवायची. एका दिवसाची एक पुडी, महिन्याच्या तीस पुड्या एका दोऱ्यात ओवलेल्या माळेसारख्या. रिकामे कागद परत आणायचे. खूप जण आणत. कामठीची बाई तर प्रत्येक महिन्याला घड्या पाडलेले तीस कागद माझ्या टेबलावर ठेवायची. मळमळीनं तिचे डोळे खोल गेले होते, पण एक पुडी चुकली नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. मी त्याहून जास्त काही मागितलं नाही.

सहा महिन्यांनीही तिच्या थुंकीत जंतू होते. साहेबांनी मला बोलावून घेतलं. माझ्याखेरीज कोणाला ते सांगण्याची गरज त्यांना वाटली नसावी.

"तिला रोग नवऱ्याकडून आला," ते म्हणाले. "सरावलेलाच आला. ही पांढरी गोळी तिच्यावर पहिल्या दिवसापासून चालत नव्हती."

"मग ती घेते आहे ते?"

"मोठ्या गोळ्या थोडा आधार देतात. त्यापलीकडे नाही. मी दुसऱ्या औषधासाठी लिहिलं आहे."

त्यांनी तीनदा लिहिलं. दुसरं औषध आलं, थोडं आलं, संपलं. पुढच्या वर्षी पावसाळ्यात तिला वॉर्डात घेतलं. मी रोज दुपारी जाऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, "पुड्या तं बराबर घेतल्या ना मी?" मी म्हटलं, "बरोबर घेतल्या. कोणी इतक्या बरोबर घेतल्या नाहीत." ती म्हणाली, "मंग?" मी तिला खरं सांगितलं, साहेबांनी सांगितलं होतं तसं, सगळं. एकदा लपवलं होतं, दुसऱ्यांदा मला ते जमलं नसतं. तिनं ऐकलं आणि भिंतीकडे वळून झोपली. श्रावणात ती गेली. तिचा भाऊ रामटेकहून आला होता, त्यानं आणि आरोग्यसेवकानं मिळून तिला नेलं.

त्यानंतर काही महिन्यांनी साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, कागदाच्या पुड्या बांधणं हे चित्रकाराचं काम नव्हे, आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून तर नव्हेच. पुड्या बंद झाल्या. आमच्या दवाखान्यातली कार्डं साहेबांनी आधीच जाळून टाकली होती, पण दुसरीकडे पाठवलेली तशीच होती. मी तीन पत्रं लिहिली. एका पत्राला उत्तर आलं: शिल्लक साठा संपेपर्यंत वापरण्यात यावीत. पुढे बऱ्याच वर्षांनी एका तालुक्याच्या दवाखान्यात मी ते भिंतीवर पाहिलं, कडा पिवळ्या पडलेलं. मी ते काढून पिशवीत घातलं. तिथल्या शिपायानं हटकलं तेव्हा म्हटलं, माझं आहे.

कामठीच्या त्या मुलीला दर सहा महिन्यांनी तपासायचं ठरलं होतं. साहेब जायच्या आधीच्या आठवड्यात म्हातारी तिला घेऊन आली. मुलगी आता पाच-सहा वर्षांची झाली होती, तेल लावून वेणी घातलेली. क्ष-किरण खोलीत तिला एकटीला उभं करायचं होतं. ती घाबरली. मी आत जाऊन तिची हनुवटी यंत्रावर टेकवून दिली आणि बाहेर आले. म्हातारी आणि मी व्हरांड्यात बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. बऱ्याच वेळानं साहेब स्वतः ओली फिल्म हातात धरून बाहेर आले आणि त्यांनी ती उजेडाकडे केली. दोन्ही फुप्फुसं काळीभोर, स्वच्छ. कुठे एक पांढरा ठिपका नव्हता.

"चांगलं आहे," ते म्हातारीला म्हणाले. "काही नाही हिला."

म्हातारीनं फिल्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग घेऊन जाऊ?" तिनं विचारलं.

"न्या," मी म्हटलं.

तिनं मुलीचं बोट धरलं आणि दोघी कामठीच्या बसच्या दिशेनं गेल्या. पुढच्या वेळी त्या आल्या नाहीत. आरोग्यसेवक म्हणाला, मुलीला मामानं रामटेकला नेलं. त्यानंतर मला तिची काही खबर मिळाली नाही.